अंगठ्याचे स्वातंत्र्य

मराठी समीक्षेत 'तंत्र' हा शब्द गेली कित्येक दशके काहीसा खालच्या आवाजातच उच्चारला जातो. ना. सी. फडक्यांनी 'प्रतिभासाधन'सारख्या ग्रंथांतून तंत्राला जी प्रतिष्ठा मिळवून दिली होती ती नवकथेच्या पिढीने काढून घेतली, आणि ते बऱ्याच अंशी योग्यच झाले. पण त्या भांडणाचा एक अवशेष मागे उरला. एखाद्या कवितासंग्रहाच्या परीक्षणात 'तंत्रावरील हुकूमत' असे शब्द आले की पुढचे वाक्य 'परंतु'ने सुरू होणार हे सराईत वाचकाला कळते. तंत्र म्हणजे ज्याच्याकडे सांगण्यासारखे काही नाही त्याने जमवलेली सामग्री, अशी काहीतरी आपली समजूत झालेली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय साहित्य नाही, गिटार आहे; त्यातही गिटार बोटांनी छेडण्याचे, म्हणजे ज्याला 'फिंगरपिकिंग' म्हणतात त्याचे, अगदी पहिल्या इयत्तेतले शिक्षण. पण हे शिक्षण ज्या प्रकारे दिले जाते त्यातली उणीव आणि आपण वर्गात वृत्त-छंद ज्या प्रकारे शिकवतो त्यातली उणीव एकच आहे असे माझे मत झाले आहे, म्हणून ते इथे, साहित्याच्या वाचकांपुढे मांडतो.

आधी थोडे शब्दाविषयी. 'तन्' म्हणजे ताणणे, पसरणे. तंत्र म्हणजे मुळात माग, मागावरचा ताणा. आणि तंत्री म्हणजे वीणेची तार. ज्याचा ताणा स्वतःचा तो स्व-तंत्र. आपण ज्या दोन शब्दांना एकमेकांचे वैरी मानतो, ते तंत्र आणि स्वातंत्र्य, एकाच सुताचे आहेत. व्युत्पत्तीने काही सिद्ध होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, आणि इथेही होत नाही. पण गिटारवर अंगठ्याचे जे काही करावे लागते त्याला यापेक्षा चपखल शब्द मला सापडलेला नाही.

ज्यांनी गिटार फक्त पाहिलेली आहे त्यांच्यासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. गिटारला सहा तारा. त्यांतल्या वरच्या तीन जाड, खर्जाच्या. खालच्या तीन बारीक, उंच स्वरांच्या. डाव्या हाताची बोटे पडद्यांवर दाबून सुरांचे गट, म्हणजे कॉर्ड, तयार होतात आणि उजव्या हाताने तारा छेडल्या जातात. बहुतेक जण सुरुवात करतात ती नखीने सगळ्या तारा एकदम खाली-वर झंकारण्यापासून. गाण्याला साथ देण्यासाठी ते पुरते. फिंगरपिकिंगमध्ये मात्र उजव्या हाताची वाटणी होते. अंगठ्याकडे खर्जाच्या तारा आणि त्यांवर न चुकता पडणारे ठोके. तर्जनी, मध्यमा आणि क्वचित अनामिका यांच्याकडे बारीक तारा आणि त्यांवरची धून. अंगठा एका तारेवर थांबत नाही. सी कॉर्ड असेल तर तो पाचव्या आणि चौथ्या तारेवर आळीपाळीने पडतो, जी असेल तर सहाव्या आणि चौथ्या. एक, दोन, तीन, चार, धुम्-टक्, धुम्-टक्. बोटे या ठोक्यांवर येऊ शकतात, दोन ठोक्यांच्या मध्येही येऊ शकतात, आणि सगळी गंमत त्या 'मध्ये' येण्यातच आहे. नीट वाजवले तर ऐकणाऱ्याला दोन माणसे वाजवत आहेत असे वाटते. ही कल्पना बहुधा पियानोवरून आली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत रॅगटाइम संगीत लोकप्रिय झाले, त्यात पियानोवादकाचा डावा हात खर्जात ठोके देतो आणि उजवा त्या ठोक्यांना हुलकावण्या देत धून वाजवतो. ज्यांच्या घरात पियानो येण्याची शक्यता नव्हती अशा लोकांनी ते काम गिटारवर, एकाच हाताच्या अंगठ्यात आणि बोटांत वाटून दिले.

आता नवशिक्याचे काय होते ते पाहू. त्याला बहुधा पहिल्याच आठवड्यात 'पॅटर्न' दिले जातात. कागदावर सहा आडव्या रेघा, म्हणजे सहा तारा. त्यांवर आकडे, म्हणजे कोणत्या पडद्यावर बोट ठेवायचे. खाली अक्षरे, म्हणजे कोणत्या बोटाने छेडायचे. या लेखनपद्धतीला टॅब्लेचर म्हणतात. ही काही आजची पळवाट नव्हे. लुईस मिलानचा 'एल माएस्त्रो' हा विहुएला या गिटारच्या पूर्वजासाठी लिहिलेला ग्रंथ 1536 सालचा, आणि तो टॅब्लेचरमध्येच आहे. एका शिकवणीवर्गात तर असे बारा पॅटर्न एका कागदावर छापून विद्यार्थ्याच्या हाती देतात आणि दर आठवड्याला एक याप्रमाणे तीन महिन्यांत 'फिंगरपिकिंग पूर्ण' होते. विद्यार्थी कागद पाहतो, पाच-चार-दोन-पाच-तीन-चार असा तारांचा क्रम पाठ करतो, हळूहळू वेग वाढवतो. काही दिवसांत ऐकायला गोड असे काहीतरी निघू लागते. तो खूश, शिक्षक खूश.

मग तो पॅटर्नवर गाणे म्हणू पाहतो आणि सगळे कोसळते. किंवा धूनेतला एक सूर नेहमीच्या जागेपासून अर्ध्या मात्रेने अलीकडे आणायचा असतो. तो आणण्यासाठी तर्जनी पुढे सरकते आणि तिच्याबरोबर अंगठाही सरकतो. किंवा कॉर्ड बदलताना डाव्या हाताला क्षणभर उशीर होतो आणि उजवा हात त्याची वाट पाहत थांबतो. या तिन्ही अपघातांचे कारण एकच. त्या विद्यार्थ्याच्या हातात अंगठा नावाची वेगळी गोष्ट तयारच झालेली नाही. त्याने सहा ठिकाणी क्रमाने बोटे ठेवणारा एक हात तयार केला आहे, एखाद्या वाक्यातली अक्षरे सुटी सुटी पाठ करावीत तसा. क्रम बिघडला की त्याच्याकडे मागे धरून ठेवायला काहीच नाही. पॅटर्न त्याला 'काय' आणि 'कोणत्या बोटाने' हे सांगतो. दोन आवाजांपैकी कोणता कोणाला बांधील नाही, हे सांगत नाही. सांगू शकतही नाही, कारण कागदावर दोन्ही आवाज एकाच ओळीत, एकापुढे एक बसवलेले असतात.

माझे मत थोडक्यात असे की नवशिक्याला पहिला महिनाभर बोटे देऊच नयेत. नुसता अंगठा द्यावा. एकच कॉर्ड, दोन तारा, मिनिटाला साठ ठोके. कॉर्ड बदलायला उशीर झाला तर मोकळ्या तारेवर पडू द्यावा, बेसूर झाला तरी चालेल, पण थांबता कामा नये. हे फार कंटाळवाणे आहे, यात शंका नाही. आणि अंगठा तयार झाला की नाही याची परीक्षा वाद्यावर घ्यायचीच नाही. अंगठा चालू असताना समोरच्याशी बोलता येते का, किराणा सामानाची यादी सांगता येते का, ही परीक्षा. बोलण्याची लय अनियमित असते, ती अंगठ्याला ओढत नेऊ पाहते. ज्या दिवशी ती त्याला नेऊ शकत नाही, त्या दिवशी तर्जनीला एक तार द्यावी. एकच.

मराठीच्या शिक्षकाला याहून चांगली एक परीक्षा उपलब्ध आहे, आणि तिच्यातूनच मूळ मुद्द्याकडे येता येते. भुजंगप्रयात घ्या, जे 'मनाच्या श्लोकां'मुळे आपल्या प्रत्येकाच्या जिभेवर आहे. चार य-गण, प्रत्येक गणात एक लघु आणि दोन गुरू, म्हणजे पाच मात्रा, चरणाच्या वीस. एरवी आपण ते ज्या चालीत म्हणतो तिच्यात मात्रा ताणल्या-दाबल्या जातात. इथे मात्र कागदावरचे माप काटेकोर धरायचे आणि दर दोन मात्रांना अंगठ्याचा एक ठोका द्यायचा. चरणात दहा ठोके होतात. पहिल्या गणाचा लघु ठोक्यावर येतो, पण त्याचे दोन्ही गुरू दोन ठोक्यांच्या मध्ये सुरू होतात. पाच मात्रा संपल्यामुळे दुसरा गण ठोक्याच्या मध्येच सुरू होतो: आता लघु अधांतरी आणि दोन्ही गुरू नेमके ठोक्यावर. तिसरा गण पहिल्यासारखा, चौथा दुसऱ्यासारखा, आणि चरणाच्या शेवटी दोन्ही हिशेब एकत्र मिळतात. फिंगरपिकिंगमध्ये बोटांनी जे करायचे असते ते हेच. अंगठ्याला न हलवता ठोक्यावर यायचे, ठोक्यामधून निसटायचे आणि पुन्हा भेटायचे. ज्याला अंगठा चालवत असा एक श्लोक सलग म्हणता येतो त्याला पुढचे फारसे कोणी शिकवावे लागत नाही.

आणि इथेच वर्गातली आठवण होते. एम.ए.च्या वर्गातले बहुसंख्य विद्यार्थी 'यमाताराजभानसलगा'च्या आधारे कोणत्याही ओळीचे गण पाडू शकतात. ओळीवर लघु-गुरूच्या खुणा करतात, अक्षरे मोजतात, वृत्ताचे नाव अचूक लिहितात, पाच गुण मिळवतात. त्यांना ती ओळ म्हणायला सांगा. ती गद्यासारखी वाचली जाते, किंवा शाळेत बसलेल्या एखाद्या ठेक्यात ठोकून काढली जाते. गणांचा तक्ता हे आपले टॅब्लेचर आहे. माधव जूलियनांचा 'छंदोरचना' हा ग्रंथ ज्यांनी चाळला आहे (वाचला आहे असे म्हणण्याचे धाडस थोडे लोक करतील) त्यांना ठाऊक आहे की इतके सूक्ष्म वर्गीकरण करणारा तो माणूस पद्याचा विचार लयीपासून करत होता, तक्त्यापासून नव्हे. आपण त्यातून तक्ता उचलला, कारण तक्त्यावर प्रश्न काढता येतात. पुढे मुक्तछंदाचा विचार करताना याची किंमत मोजावी लागते. नियमित लय कानात चालू असेल तरच ती कुठे सोडली हे ऐकू येते. ज्याच्या कानात ठोकाच नाही त्याला मुक्तछंद आणि तोडलेले गद्य यांतला फरक कोणत्या इंद्रियाने कळावा? मग तो आशयावर लिहितो. आपणही त्याला आशयावर गुण देतो.

यावर असे म्हटले जाईल की ही तंत्राची बाजू नव्हे, सवयीची आहे. आणि सवय म्हणजे घोकंपट्टी. हा आक्षेप मला फिंगरपिकिंगच्या इतिहासाकडे नेतो, कारण ज्यांनी ही पद्धत घडवली त्यांनी तक्ते घोकले नव्हते आणि त्यांच्या हातांत आश्चर्य वाटावे इतका वेगळेपणा होता.

एलिझाबेथ कॉटन ही नॉर्थ कॅरोलायनातली कृष्णवर्णीय स्त्री. लहानपणीच घरकामाला लागली. पगार महिना पाऊण डॉलर. त्यातून साठवून तिने पावणेचार डॉलरची गिटार घेतली, अशी हकीकत सांगतात. ती डावखुरी होती. गिटार उजव्या हाताच्या वादकासाठी तारा लावलेली. तिने तारा बदलल्या नाहीत, वाद्यच उलटे धरले. परिणामी खर्जाच्या तारा खाली गेल्या आणि बारीक वर आल्या. म्हणून तिची बोटे खर्ज वाजवत आणि अंगठा धून. सगळे पुस्तकी नियम पायाखाली डोक्यावर. 'फ्रेट ट्रेन' हे तिचे गाणे, जे तिने कोवळ्या वयात रचले, ते आज जगभर फिंगरपिकिंगच्या पहिल्या धड्यांत असते. मधली कित्येक वर्षे तिने गिटारला हात लावला नव्हता. उतारवयात ती चार्ल्स आणि रूथ क्रॉफर्ड सीगर या संगीतज्ञ दांपत्याच्या घरी कामाला होती. तिथल्या भिंतीवरची गिटार तिने पुन्हा हाती घेतली आणि त्या घरातल्या माइक सीगरने तिचे वादन ध्वनिमुद्रित केले. तिची पहिली ध्वनिमुद्रिका 1958 साली निघाली, तेव्हा तिचे वय साठीच्या पुढे होते.

मिसिसिपी जॉन हर्टची कथा बरीचशी अशीच. मिसिसिपीतल्या अ‍ॅव्हलॉन नावाच्या खेड्यातला शेतमजूर. 1928 साली ओके कंपनीने मेम्फिसला आणि मग न्यूयॉर्कला नेऊन त्याची गाणी मुद्रित केली. ती फारशी खपली नाहीत, मंदी आली, तो परत शेतावर गेला. पस्तीस वर्षांनी, 1963 मध्ये, एका गाण्यातल्या गावाच्या नावावरून माग काढत टॉम हॉस्किन्स हा तरुण संशोधक तिथे पोहोचला, तेव्हा हर्ट जिवंत होता आणि त्याचा अंगठाही. त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवत होता. 1966 साली वारला. त्याची 1928 ची आणि 1963 नंतरची ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकावीत. आवाज म्हातारा झाला आहे. अंगठा झालेला नाही. नवशिक्याने कोणाला आधी ऐकावे असे विचारले तर मी याचेच नाव सांगतो, कारण याच्या वादनात घाई नावाची गोष्ट नाही आणि अंगठा इतका स्वच्छ ऐकू येतो की बोटे मनातल्या मनात बाजूला काढून ठेवता येतात.

रेव्हरंड गॅरी डेव्हिस बालपणापासून अंध. त्याच्यापुढे कागद ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. तो अंगठा आणि तर्जनी एवढ्या दोनच बोटांनी वाजवायचा आणि त्या दोन बोटांतून जे निघते ते ऐकून पाच बोटांची माणसे हात जोडतात. त्याच्याकडे न्यूयॉर्कमध्ये शिकलेल्या स्टीफन ग्रॉसमनने पुढे या परंपरेची टॅब्लेचरमधली पुस्तके काढली, हा त्यातला विरोधाभास. (पण ती पुस्तके नसती तर पुण्या-मुंबईतल्या माणसाच्या हाताला हे कधी लागलेच नसते, हेही खरेच. टॅब्लेचरवर माझा राग नाही. ते पहिले पान समजले जाते यावर आहे.)

मेर्ल ट्रॅव्हिसही दोनच बोटांचा. केंटकीतल्या मुलेनबर्ग परगण्यात, कोळशाच्या खाणींच्या मुलखात तो वाढला. मोझ रेगर आणि आइक एव्हर्ली या आसपासच्या वादकांकडे पाहून शिकला. त्याचे वादन सिनसिनाटीच्या रेडिओ केंद्रावरून प्रसारित होई आणि ते दूर जॉर्जियात एक किशोरवयीन मुलगा ऐकत असे, त्याचे नाव चेट अ‍ॅटकिन्स. रेडिओवर बोटे दिसत नाहीत. एवढे सूर काढायला अंगठ्याखेरीज निदान दोन-तीन बोटे लागत असणार, असे त्या मुलाने गृहीत धरले आणि तसेच वाजवायला शिकला. ट्रॅव्हिस एकच बोट वापरतो हे कळेपर्यंत त्याच्या हातात एक निराळी शैली तयार झाली होती आणि पुढे तीच अमेरिकी गिटारची एक मुख्य वाट ठरली. पूर्वसूरींच्या चुकीच्या वाचनातून कवी घडतात हा हॅरोल्ड ब्लूमचा सिद्धांत वर्गात समजावताना मी अलीकडे कवींऐवजी हे उदाहरण देतो. ते लवकर पटते.

या सगळ्यांत समान काय आहे? बोटांची संख्या नाही. कोणत्या बोटाने कोणती तार, हेही नाही. कॉटनच्या हातात तर अंगठ्याचे कामसुद्धा बोटांकडे आहे. मेबेल कार्टर धून अंगठ्याने खर्जावर वाजवते आणि बोटांनी बारीक तारा झंकारते, म्हणजे पुन्हा उलटे. समान आहे ती एकच गोष्ट: हातात दोन आवाज आहेत आणि त्यांतला एक दुसऱ्यासाठी थांबत नाही. प्राथमिक म्हणून शिकवण्यासारखे आहे ते हे. बाकी सगळे वैयक्तिक उच्चार.

नावाबद्दल एक शेरा मारणे भाग आहे. ही पद्धत आज सर्रास 'ट्रॅव्हिस पिकिंग' म्हणून शिकवली जाते. ट्रॅव्हिसच्या गुरुजनांच्या मागे ज्याचा प्रभाव सांगितला जातो तो आर्नल्ड शुल्ट्झ हा कृष्णवर्णीय वादक 1931 साली वारला. त्याचे एकही ध्वनिमुद्रण नाही. हर्ट आणि कॉटन ट्रॅव्हिसपेक्षा दोन तपांनी वडील. नाव मात्र त्याचे, जो गोरा होता आणि रेडिओवर होता. यात ट्रॅव्हिसचा दोष नाही, आपल्या शिक्षकांची नावे तो घेतच असे. परंपरेला नाव देण्याचा अधिकार कोणाच्या हाती असतो याची चर्चा आपण साहित्यात पुष्कळ केली आहे; गिटारच्या पहिल्या धड्यालाही ती लागू आहे, एवढेच.

दुसरा आक्षेप अभिजात गिटारच्या बाजूने येतो आणि तो अधिक वजनदार आहे. त्या परंपरेत अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका यांना स्पॅनिश नावांवरून पी, आय, एम, ए अशी अक्षरे आहेत, प्रत्येकाची तार ठरलेली आहे, आणि माउरो ज्युलियानीने 1812 साली उजव्या हातासाठी 120 अभ्यास लिहिले, तेही केवळ दोन कॉर्डांवर. हे पॅटर्नच आहेत, आणि दोनशे वर्षांत त्यांनी हजारो उत्तम हात घडवले आहेत. मग पॅटर्नना नावे का ठेवायची? माझे उत्तर असे की ते घराणे वेगळे आहे. तिथे आदर्श आहे तो चारही बोटांची समान ताकद, समान नाद, आणि गरजेप्रमाणे कोणालाही पुढे आणण्याची क्षमता. अंगठ्याला तिथे कायमचे एक काम नाही. लोकपरंपरेत अंगठ्याचे काम कायमचे आहे आणि बोटांचे बदलते. आजच्या बहुतेक प्राथमिक धड्यांत बोटांची अक्षरे पहिल्या घराण्याची आणि गाणी दुसऱ्या घराण्याची असतात. विद्यार्थ्याला मात्र दोन घरे आहेत हेच सांगितलेले नसते. ख्यालाच्या रियाजाने लावणीचा ठसका येत नाही, यात ख्यालाचा अपमान नाही.

तिसरा आक्षेप साधा आहे: महिनाभर नुसता अंगठा वाजवायला कोण बसेल? पॅटर्नमधून निदान लवकर आनंद मिळतो. हे खरे आहे, आणि याला एक प्रसिद्ध उदाहरणही आहे, तेही आपल्याच देशात घडलेले. 1968 च्या सुरुवातीला बीटल्स हृषीकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात होते. त्यांच्याबरोबर डोनोव्हन हा स्कॉटिश गायक होता आणि त्याला ही आळीपाळीच्या अंगठ्याची पद्धत येत होती. जॉन लेननने ती त्याच्याकडून गंगेकाठी शिकून घेतली, आणि त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या पांढऱ्या वेष्टनाच्या जोडसंचात 'डिअर प्रुडन्स' आणि 'जूलिया' ही त्या शिकण्याची फळे आहेत. नवी पद्धत हाती येताच काही महिन्यांत अशी दोन गाणी. पण लेनन तेव्हा नवशिका नव्हता. हॅम्बर्गच्या क्लबांत रात्र-रात्र ताल धरून वाजवलेला तो हात होता. ठोका न सोडण्याची सवय त्यात आधीच मुरलेली होती, फक्त ती अंगठ्यात उतरवायची होती. आपल्याकडे संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर गिटारच्या क्लासला जाणाऱ्या माणसाची ती अवस्था नसते.

कंटाळ्याबद्दल मात्र काही सांगण्यासारखे आहे. जात्यावरच्या ओव्या हा आपल्या अभ्यासक्रमातला सन्मानाचा विषय. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. आपण त्यांतले स्त्रीचे भावविश्व वाचतो, सासर-माहेर, जातीचे अनुभव, भक्ती, सगळे वाचतो. पण ओवी गाणाऱ्या बाईचा एक हात खुंट्यावर होता आणि दगड फिरत होता. तो तिच्या एखाद्या शब्दासाठी थांबत नव्हता, आणि शब्दही दर फेऱ्याला बांधलेला नव्हता. वर्षानुवर्षांच्या कष्टाने हात आपला आपण चालू राहिला होता, म्हणून मन आणि जीभ मोकळी होती. त्या कष्टाचे उदात्तीकरण करण्याचा माझा हेतू नाही. दळण ही सक्ती होती आणि गिटार ही हौस आहे. तुलना फक्त रचनेपुरती. तिथेही दोन आवाज होते, आणि त्यांतल्या न थांबणाऱ्या आवाजाचा आपण कागदावर ओव्या उतरवताना मागमूसही ठेवला नाही. छापील ओवीत जाते नाही. त्यामुळे तिच्या ओळी असमान का दिसतात याची स्पष्टीकरणे आपण अक्षरे मोजून देत बसतो.

अंगठ्याच्या पहिल्या महिन्यातला कंटाळा असा असतो की सुरुवातीला सगळे लक्ष अंगठ्यावर लागते. मग लक्ष उडू लागते आणि अंगठा अडखळतो. मग एक दिवस लक्ष उडते आणि अंगठा अडखळत नाही. या तिसऱ्या टप्प्याला बाहेरून पाहणारा 'यांत्रिकपणा' म्हणेल. प्रत्यक्षात त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचे वादन ऐकू येते, कारण ऐकायला कोणीतरी रिकामे झालेले असते. एकलव्याचा अंगठा इथे आठवणे अपरिहार्य आहे, पण तो दृष्टांत मराठी लेखनात इतका वापरला गेला आहे की त्याला थोडी विश्रांती द्यावी.

ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी अनुभवाच्या दोन-चार गोष्टी. नखे वाढवावीत की नाही यावर सुरुवातीला वेळ घालवू नये. फर्नांदो सोर नखांशिवाय वाजवत असे आणि त्याचा मित्र दिओनिसिओ अग्वादो नखांनी. पॅरिसमध्ये दोघे जोडीने वाजवत आणि सोरने त्या मैत्रीवर एक युगलरचनाही लिहिली. ज्यांचे आयुष्य त्यात गेले त्यांचे जिथे एकमत नव्हते, तिथे नवशिक्याने मत बनवण्याची घाई कशाला? मनगट वाकवून हात लोंबकळता ठेवू नये, दुखते. अंगठा इतर बोटांच्या थोडा पुढे, मानेच्या बाजूला असावा, नाहीतर तो तर्जनीवर आपटतो. ट्रॅव्हिस तळहाताची कड खर्जाच्या तारांवर हलकेच टेकवून त्यांचा नाद दाबत असे. ते पुढे कधीतरी, आत्ता नको.

पहिले गाणे म्हणून 'फ्रेट ट्रेन'च घ्यावे. चाल संथ आहे, कॉर्ड मोजक्या आहेत आणि धूनेचे बहुतेक सूर कॉर्डमध्येच सापडतात. पुस्तकांत त्याची जी मांडणी मिळते ती उजव्या हाताच्या माणसासाठी सुलटी करून घेतलेली असते: खर्ज अंगठ्याला, धून बोटांना. ती बसली की मग कॉटनचे स्वतःचे चित्रण पाहावे, ज्यात तिचा अंगठा धून वाजवतो आहे. माझ्या परिचयातल्या एका डावखुऱ्या विद्यार्थिनीने ते पाहून आपल्या भावाची गिटार तशीच उलटी धरली. तिची बोटे आता खर्जावर स्थिर होत आली आहेत, आणि ती वृत्तांच्या तासाला बाकाखाली त्याच बोटांनी ठोके देत बसते, असे तिच्या शेजारणीचे म्हणणे आहे.